शून्य पत्त्यावर काय असते?

टर्बो सीमध्ये वर्षभर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर जीसीसीने कंपाइल करावा आणि पहिल्याच फटक्यात ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच बोलून तो बंद पडावा, हा प्रकार सी शिकणाऱ्या बहुतेक मराठी मुलांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. विंडोजवर कोडब्लॉक्समध्ये तोच प्रोग्रॅम चालवला, तर काळ्या खिडकीत उणे १०७३७४१८१९ असा एक चमत्कारिक आकडा उमटतो. मग मुले म्हणतात, ‘सर, टर्बोमध्ये चालतो म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे. हा कंपायलरच वेगळा आहे.’ कंपायलर वेगळा आहे हे खरे. प्रोग्रॅम बरोबर आहे हे मात्र खरे नाही. तो टर्बो सीमध्येही चुकलेलाच होता. तिथे ती चूक दिसत नव्हती, इतकेच. ती का दिसत नव्हती हे एकदा नीट समजले, की दुसऱ्या कंपायलरवर प्रोग्रॅम नेताना होणारे निम्मे अपघात आधीच ओळखता येतात.

बारावीचे कॉम्प्युटर सायन्स, डिप्लोमा, बीएस्सी, इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष अशा सगळ्या वाटांवर आपल्याकडे कित्येक वर्षे निळ्या पडद्याचा टर्बो सी म्हणजेच सी, असे समीकरण होते. हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ आणि समोर टर्बो सी, अशा तयारीवर महाराष्ट्रातल्या प्रोग्रॅमरांची एक मोठी पिढी घडली. बोरलँड कंपनीने टर्बो सी बाजारात आणला १९८७ साली. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला तोही १९८७ सालीच. म्हणजे वयाने दोघे सारखे. फरक असा की जीसीसी दरवर्षी वाढत राहिला आणि आपल्या प्रयोगशाळांतला टर्बो सी १९९१ च्या सुमाराला जिथे होता तिथेच थांबला. आजच्या ६४ बिटी विंडोजवर त्याचे १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. म्हणून डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आत जुन्या डॉस यंत्राची नक्कल उभी करून तो चालवला जातो. नक्कल हुबेहूब असल्यामुळे जुन्या यंत्राच्या सगळ्या सवयीही तिच्याबरोबर येतात. महाड-पोलादपूरकडची मुले पुढे शिकायला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, नाहीतर मुंबई-पुण्याला जातात, आणि कुठे ना कुठे लिनक्स समोर येतोच. जर्नलमधले जुने प्रोग्रॅम तिथे नेले, की अगदी ठरावीक गोंधळ सुरू होतो.

एक उदाहरण जवळून पाहू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीचे थांबे लिंक्ड लिस्टमध्ये साठवायचे आहेत: पोलादपूर, कापडे, वाडा-कुंभरोशी, महाबळेश्वर. प्रत्येक थांब्यासाठी एक स्ट्रक्चर. त्यात आधी अंतर हा पूर्णांक, मग पुढच्या थांब्याचा पत्ता ठेवणारा ‘नेक्स्ट’ हा पॉइंटर, मग नावासाठी २० अक्षरांची जागा. यादीच्या सुरुवातीला पुस्तकात सांगतात तसा एक रिकामा मथळ्याचा नोड धरलेला आहे. ‘हेड’ हा ग्लोबल पॉइंटर त्या नोडकडे बोट दाखवील अशी योजना. नवा थांबा जोडताना ‘पी’ हा पॉइंटर हेडपासून निघतो, ‘नेक्स्ट’ नल सापडेपर्यंत पुढे सरकतो आणि शेवटच्या नोडच्या ‘नेक्स्ट’मध्ये नव्या नोडचा पत्ता लिहितो. छापतानाही हेडच्या ‘नेक्स्ट’पासून सुरुवात होते. सगळे बरोबर आहे. फक्त मथळ्याच्या नोडसाठी मॅलॉक करायचे राहून गेले आहे. हेड ग्लोबल असल्याने सीच्या नियमाप्रमाणे त्याची सुरुवातीची किंमत नल आहे, आणि ती तशीच राहिली आहे.

हा प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये चारही थांबे ओळीने, बिनचूक छापतो.

हे कसे शक्य आहे? टर्बो सीचे नेहमीचे मेमरी मॉडेल ‘स्मॉल’. त्यात पॉइंटर २ बाइटचा असतो आणि त्यातली संख्या म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटा सेगमेंटच्या आरंभापासूनचे अंतर. नल म्हणजे शून्य, म्हणजे डेटा सेगमेंटचा अगदी पहिला बाइट. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरच्या पद्धतीने चालणाऱ्या डॉसमध्ये मेमरीला राखणदार नाही. कुठलाही पत्ता वाचा, कुठेही लिहा, यंत्र अडवत नाही. त्यामुळे शून्य पत्ता ही तिथे एक साधी, वापरता येण्याजोगी जागा आहे. त्या जागेत काय ठेवायचे हे बोरलँडने ठरवले होते: पहिले चार बाइट शून्य, आणि त्यांच्या लगेच पुढे कंपनीची कॉपीराइटची ओळ.

आता आपले स्ट्रक्चर त्या जागेवर ठेवून पाहा. पूर्णांक २ बाइटचा, म्हणून ‘नेक्स्ट’ सुरू होतो दुसऱ्या बाइटपासून आणि चौथ्याच्या आधी संपतो. म्हणजे तो नेमका बोरलँडने मोकळ्या सोडलेल्या शून्यांत बसतो. पहिला थांबा जोडताना ‘पी’ नल आहे. प्रोग्रॅम नलचा ‘नेक्स्ट’ वाचतो. तिथे शून्य मिळते. यादी इथे संपली असे समजून लूप थांबतो आणि पोलादपूरच्या नोडचा पत्ता त्याच जागी लिहिला जातो. दुसऱ्या वेळी तिथे पोलादपूरचा पत्ता सापडतो, ‘पी’ तिकडे जातो, कापडे त्याच्यापुढे जोडले जाते, आणि पुढे सगळे रीतसर. मॅलॉक करायचा राहून गेलेला मथळ्याचा नोड शून्य पत्त्यावर आपोआप मिळाला आहे! स्ट्रक्चरमध्ये नाव आधी आणि ‘नेक्स्ट’ नंतर ठेवला असता, तर तो कॉपीराइटच्या ओळीत घुसला असता, अक्षरांनाच पत्ता समजून ‘पी’ भलतीकडे भटकला असता आणि कदाचित यंत्र लटकले असते. म्हणजे प्रोग्रॅम चालला तो केवळ स्ट्रक्चरमधल्या घटकांचा क्रम योगायोगाने जुळला म्हणून. परीक्षकाला दाखवलेले अचूक उत्तर या योगायोगावर उभे होते.

बोरलँडच्या अभियंत्यांना हा धोका माहीत होता, आणि त्यांनी केलेली सोय मला फार आवडते. प्रोग्रॅम संपताना टर्बो सीचा रनटाइम त्या पहिल्या चार शून्यांची आणि कॉपीराइटच्या ओळीची बेरीज करून पाहतो. ठरलेली बेरीज आली नाही, म्हणजे कुणीतरी तिथे लिहिले. मग तो ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा निरोप छापतो. ज्या काळी हार्डवेअर काही मदत करत नव्हते, त्या काळी काही बाइट राखून ठेवून केलेली ही चौकशी होती. पण तिला मर्यादा होत्या. ती प्रोग्रॅम संपल्यावर होते, त्यामुळे चूक कोणत्या ओळीत झाली हे कळत नाही. नुसते वाचले असेल तर बेरीज बदलत नाही, म्हणून वाचण्याची चूक पकडलीच जात नाही. आणि ज्या मॉडेलांत डेटाचे पॉइंटर २ बाइटचे आहेत त्या स्मॉल आणि मीडियममध्येच ही तपासणी आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण झाली. आउटपुट वाचता यावे म्हणून मुले शेवटी गेटसीएच लिहितात. कळ दाबली की प्रोग्रॅम संपतो, निरोप त्यानंतर छापला जातो आणि त्याच क्षणी निळा पडदा परत येतो. ऑल्ट आणि एफ५ दाबून आउटपुटचा पडदा पुन्हा उघडला तरच तो निरोप दिसतो. कित्येक जर्नलांतले प्रोग्रॅम वर्षानुवर्षे हा निरोप देत राहिले आणि कुणाच्या नजरेस तो आला नाही, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे.

‘लार्ज’ मॉडेल निवडले असेल तर परिस्थिती आणखी बिकट. तिथे पॉइंटर ४ बाइटचा आणि नल म्हणजे साऱ्या यंत्राच्या मेमरीचा पहिला बाइट. त्या जागी पहिल्या १०२४ बाइटांत इंटरप्टचा तक्ता असतो: कीबोर्डची कळ दाबली, घड्याळाचा ठोका पडला, शून्याने भागाकार झाला, तर कुठे जायचे याचे २५६ पत्ते. नल पॉइंटरमधून तिथे लिहिणे म्हणजे चालू यंत्राचे हे पत्ते खोडणे. शेवटी बेरीज करणारेही तिथे कुणी नाही.

हा घोळ डॉसपुरता होता असेही नाही. ऐंशीच्या दशकात व्हॅक्स संगणकांवरच्या बर्कली युनिक्समध्ये शून्य पत्ता वाचता येई आणि तिथे शून्यच मिळे. नल स्ट्रिंग ही रिकामी स्ट्रिंग असल्यासारखी चालून जाई. त्या भरवशावर लिहिलेले प्रोग्रॅम सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर नेले की कोसळत. आयबीएमच्या एआयएक्सवर आजही शून्य पत्ता वाचू दिला जातो, लिहू मात्र दिला जात नाही. म्हणजे प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना नल पॉइंटरची चूक उघडी पडणे ही सीइतकीच जुनी गोष्ट आहे.

आता तोच प्रोग्रॅम लिनक्सवर. इथे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची आभासी मेमरी मिळते आणि ती ४०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते. शून्य पत्ता ज्या पानात येतो ते पान आणि त्याच्या लगतची पाने मुद्दाम रिकामी ठेवलेली असतात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ही राखीव मर्यादा ६५,५३६ बाइटची असते, विंडोजमध्येही तेवढीच. त्या हद्दीतला पत्ता वाचायला गेले की प्रोसेसर लगेच थांबतो, कर्नलला कळवतो आणि कर्नल प्रोग्रॅमला सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल पाठवतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा पायथ्यालाच बॅरिकेड लावून गाड्या परतवण्यात अर्थ होता. वर दरडीपर्यंत जाऊन मग कळण्यात नव्हता. राखीव पान हे ते पायथ्याचे बॅरिकेड आहे. टर्बो सीची बेरीज होत होती ती गाडी परत आल्यावर.

प्रोग्रॅम पडला म्हणून हळहळण्याऐवजी पडल्याजागी काय लिहिले आहे ते वाचावे. ‘-जी’ हा स्विच देऊन, म्हणजे ओळींचे क्रमांक सोबत ठेवून, पुन्हा कंपाइल करा आणि जीडीबी या डीबगरमध्ये उघडा. ‘रन’ म्हटले की प्रोग्रॅम पडतो आणि जीडीबी नेमकी ओळ दाखवतो: थांबा जोडण्याच्या फंक्शनमधला तो लूप. ‘बीटी’ म्हटले की हे फंक्शन कुणी बोलावले, त्याला कुणी बोलावले, अशी साखळी मेनपर्यंत दिसते. ‘प्रिंट पी’ म्हटले की उत्तर शून्य. इथे एक गोष्ट विचारून पाहण्यासारखी आहे: ‘पी’च्या ‘नेक्स्ट’चा पत्ता काय? उत्तर येते ८. कारण ६४ बिटी यंत्रावर पूर्णांक ४ बाइटचा आणि पॉइंटर ८ बाइटचा. पॉइंटरला आठाच्या पटीतली जागा लागते म्हणून मध्ये ४ बाइट मोकळे सुटतात आणि ‘नेक्स्ट’ आठव्या बाइटपासून सुरू होतो. टर्बो सीमध्ये २४ बाइटांत मावणारे हे स्ट्रक्चर इथे ४० बाइट घेते.

हा आठाचा आकडा फार उपयोगाचा आहे. क्रॅशच्या अहवालात पत्ता नेमका शून्य नसून ८, १६, २४ असा लहानसा आकडा असेल, तर समजावे की कुणीतरी नल स्ट्रक्चरमधला शून्याच्या पुढचा घटक मागत होते. कोणता घटक ते त्या आकड्यावरून ओळखता येते. शून्यच असेल तर पहिला घटक, किंवा साधा पॉइंटर. पत्ता लांबलचक आणि विचित्र असेल तर प्रकरण नलचे नाही. पॉइंटरला किंमतच दिली नव्हती, किंवा मोकळी केलेली मेमरी वापरली, अशा दिशेने शोधावे.

प्रोग्रॅम जिथे पडला ती ओळ सापडली, आता दुरुस्ती. इथे सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय आड येते. पडलेल्या ओळीच्या आधी ‘पी नल असेल तर परत जा’ असे लिहून टाकायचे. मग प्रोग्रॅम छापताना पडतो, कारण तिथेही हेड नलच असतो; तिथेही तीच तपासणी घातली की क्रॅश थांबतो. थांबेही छापले जात नाहीत, कारण यादीत एकही नोड जोडला जात नाही. आधी निदान यंत्र ओरडत होते. आता प्रोग्रॅम निमूटपणे चुकीचे उत्तर देतो. क्रॅशची ओळ आणि चुकीची ओळ या दोन वेगळ्या असतात. प्रश्न विचारायचा तो ‘इथे नल कसा तपासू’ असा नाही, तर ‘हा पॉइंटर नल राहिला कुठे’ असा. ‘पी’ला किंमत आली हेडकडून. हेडला किंमत कुणी दिली? शोधत गेले की कळते, कुणीच नाही. मेनमध्ये, यादी वापरण्याआधी, मथळ्याच्या नोडसाठी मॅलॉक करून त्याचा ‘नेक्स्ट’ नल करायचा, आणि मॅलॉकने नल दिला नाही ना, हे तिथेच पाहायचे. चूक त्या न लिहिलेल्या ओळींत होती. मोठ्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर मधेच कुठेतरी नल होत असेल तर जीडीबीला ‘वॉच’ सांगून त्या व्हेरिएबलवर पहारा बसवता येतो. किंमत बदलली रे बदलली की तो थांबतो आणि बदलणारी ओळ दाखवतो.

क्लिअरस्क्रीन नाही, कोनिओ नाही, अशा तक्रारींवर इथे वेळ घालवत नाही. त्या कंपाइल करतानाच समोर येतात आणि सुटतात. कंपाइल होऊन मग पाडणाऱ्या गोष्टी त्रासदायक असतात, त्यांतल्या दोन-तीन सांगायलाच हव्यात.

पहिली फाइलची. प्रोग्रॅममध्ये सी ड्राइव्हवरच्या टीसी फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. लिनक्सवर तो मार्ग नाही, म्हणून एफओपन नल परत देतो. न तपासता तोच पॉइंटर एफस्कॅनएफला दिला की प्रोग्रॅम पडतो, आणि जीडीबी दाखवतो तो सी लायब्ररीच्या पोटातली एखादी जागा. विद्यार्थी गडबडतो, कारण ते फंक्शन त्याने लिहिलेलेच नसते. अशा वेळी ‘अप’ म्हणत साखळीत वर चढायचे, आपली ओळ येईपर्यंत. लायब्ररीत चूक असण्याची शक्यता नगण्य, आपण तिला नल दिला असण्याचीच जास्त.

दुसरी अधिक फसवी. प्रोग्रॅम दोन फाइलींत विभागलेला आहे. एकीत नवा नोड तयार करून त्याचा पत्ता परत देणारे फंक्शन, दुसरीत मेन. मेनच्या फाइलीत त्या फंक्शनचा प्रोटोटाइप लिहिलेला नाही. १९८९ च्या सीच्या नियमाप्रमाणे, ओळख नसलेले फंक्शन पूर्णांक परत देते असे कंपायलर धरून चालतो. टर्बो सीच्या स्मॉल मॉडेलमध्ये पूर्णांकही २ बाइटचा आणि पॉइंटरही २ बाइटचा, म्हणून काही बिघडत नाही. ६४ बिटी लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटचा, पूर्णांक ४ बाइटचा. परत येताना पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. फंक्शनच्या आत जीडीबीने पाहिले तर पत्ता ५५५५५५५५९२ए० असा बारा आकडी. बाहेर, मेनमध्ये, तोच ५५५५९२ए०, आठ आकडी. असा अर्धा पत्ता दिसला की प्रोटोटाइप शोधावा. मॅलॉकसारखी काही ठरलेली फंक्शने जीसीसी स्वतः ओळखतो आणि हेडर नसले तरी सांभाळून घेतो. आपले फंक्शन त्याला ओळखू येण्याचे कारण नाही. १९९९ च्या प्रमाणकाने ही सवलत काढून टाकली, तरी जीसीसी बरीच वर्षे फक्त इशारा देऊन पुढे जात असे. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ पासून ही सरळ चूक मानली जाते आणि कंपाइल होतच नाही. मला हा निर्णय फार उशिरा झालेला, पण अगदी योग्य वाटतो.

तिसरी गोष्ट नलसारखी दिसते पण नल नसते. कॅरेक्टर पॉइंटरला अवतरणातली स्ट्रिंग द्यायची आणि मग तिचे पहिले अक्षर बदलायचे. टर्बो सीमध्ये ही स्ट्रिंग साध्या डेटात असते, बदलते. जीसीसी ती फक्त वाचण्याच्या पानांत ठेवतो, लिहायला गेले की तोच सेगमेंटेशन फॉल्ट. ‘प्रिंट’ करून पाहिले तर पॉइंटर व्यवस्थित भरलेला. तिथे पॉइंटरऐवजी ॲरे घेतला की काम होते.

इथवरचे सगळे यंत्राच्या मेमरीशी जोडलेले होते. एक प्रकार मात्र कंपायलरच्या तर्कशास्त्राचा आहे आणि तो अनुभवी लोकांनाही चकवतो. सीच्या प्रमाणकात नल पॉइंटरमधून वाचणे हे ‘अनडिफाइन्ड’ आहे, म्हणजे तसे झाल्यास काय व्हावे याचे कोणतेही वचन भाषा देत नाही. त्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी असा विचार करतो: या ओळीत पॉइंटरमधून वाचले आहे, म्हणजे तो नल नसणारच. मग पुढच्या ओळीतली ‘नल आहे का’ ही तपासणी निरर्थक. काढून टाकू. आणि ती खरोखर काढून टाकली जाते. २००९ साली लिनक्स कर्नलच्या ‘टन’ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमके हेच सापडले. आधी पॉइंटरमधून एक घटक वाचला होता आणि नल आहे का हे नंतर तपासले होते. दोन ओळींचा क्रम उलटा. कंपायलरने तपासणी वगळली आणि साध्या वापरकर्त्याला यंत्राचा पूर्ण ताबा घेता येईल अशी फट पडली. त्यानंतर अशी तपासणी काढू नये असा स्विच देऊनच कर्नल कंपाइल होऊ लागला. म्हणून प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनशिवाय चालतो आणि ‘-ओ२’ दिल्यावर पडतो असे झाले, तर कंपायलरला दोष देण्याआधी तपासणी वाचण्याच्या आधी आहे की नंतर, हे पाहावे.

अशा चुका प्रोग्रॅम न चालवताच सापडाव्यात हा विषय महाराष्ट्रात गांभीर्याने हाताळला गेला आहे. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. उदय खेडकर आणि सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभे केले आणि जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९ साली आले. ‘प्रोग्रॅमच्या या ठिकाणी हा पॉइंटर नल असू शकतो का?’ हा प्रश्न त्याच शास्त्रातला. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्येही सीमधल्या प्रोग्रॅमांचे असे विश्लेषण करणाऱ्या साधनांवर काम झाले. २०२० च्या जीसीसी १० पासून तर ‘-एफॲनालायझर’ हा स्विच दिला की कंपायलर स्वतःच प्रोग्रॅमच्या वाटा चालून पाहतो आणि मॅलॉकचा निकाल न तपासता वापरला असेल तर कोणत्या वाटेने नल तिथे पोचतो ते पायरी-पायरीने दाखवतो. ॲड्रेस सॅनिटायझर घालून कंपाइल केलेला प्रोग्रॅम पडताना फाइल, ओळ आणि ‘हा पत्ता शून्य पानातला आहे’ अशी सूचना लिहून ठेवतो. हे सगळे फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते.

म्हणून प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. येत्या सत्रात जर्नलमधला लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये चालवून दाखवा, ऑल्ट-एफ५ दाबून मागचा पडदा मुलांसमोर उघडा, आणि मग तोच प्रोग्रॅम ‘-वॉल’, ‘-जी’ आणि ॲड्रेस सॅनिटायझर देऊन जीसीसीने कंपाइल करा. पहिल्या तासाला नवा प्रोग्रॅम लिहून घेण्यापेक्षा हा जुना का पडला ते मुलांना जीडीबीत शोधू द्या. मराठीतून सी आणि जीसीसी शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीत उपलब्ध आहेत. ते एकदा उतरवून घेतले की पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, नेटवर्क नसतानाही, पाहता येतात.